डोळ्यातलं पाणी किती फणस टिकतं

रत्नागिरीतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी तेहेतीस वर्षं तपासनीस म्हणून काम केलं आणि त्यातला बराच काळ फणस मोजण्यात घालवला. हसू नका, सांगते.

डोळा कोरडा पडतो आहे असा संशय आला, की आम्ही त्यात पिवळ्या रंगाचा एक थेंब सोडतो, खोलीत अंधार करतो आणि यंत्रातून निळा उजेड टाकतो. डोळ्यावरचं पाणी त्या उजेडात हिरवंगार चमकायला लागतं. मग रुग्णाला सांगायचं, 'आता पापणी मिटू नका.' थोड्या वेळानं त्या हिरव्यात कुठेतरी काळा ठिपका उमटतो. तिथलं पाणी सुकलं, असा त्याचा अर्थ. पापणी उघडल्यापासून ठिपका उमटेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजायचं. बऱ्या डोळ्यात ते दहाच्या पुढे जातात. घड्याळ बघायची सोय नसते, कारण नजर यंत्रात असते, एक हात यंत्राच्या दांड्यावर आणि दुसरा रुग्णाच्या पापणीपाशी. आणि नुसतं एक, दोन, तीन म्हटलं की माणूस घाई करतो. म्हणून आमच्या थोरल्या डॉक्टरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं, 'एक फणस, दोन फणस म्हणा. फणस म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात सेकंद बरोबर भरतो.' त्यांनी तो घड्याळ लावून तपासलेला होता.

पावसकडचे दोन बागायतदार भाऊ एकदा जोडीनं आले होते. बाहेर बाकावर बसून ते ऐकत होते. धाकटा आतून आल्यावर थोरल्यानं विचारलं, 'तुझे किती झाले?' 'अकरा.' 'माझे चारच कसे?' मग मला म्हणाला, 'बाई, परत मोजा. बाग दोघांची सारखी आहे.' मी परत मोजले. पुन्हा चारच भरले, आणि तो जाईपर्यंत माझ्याकडे संशयानं बघत होता.

डोळ्यातलं पाणी म्हणजे नुसतं पाणी नसतं, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. आमटीवर तेलाचा तवंग असतो तसा त्या पाण्यावर तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो. पापणीच्या काठावर, केसांच्या मुळांपाशी, बारीक भोकांची एक ओळ आहे. ते तेल तिथून येतं आणि पापणी मिटली की डोळाभर पसरतं. तेल असेल तर पाणी टिकतं, नसेल तर उडून जातं. काही लोकांचं हे तेल थंडीत खोबरेल थिजतं तसं आतच थिजून बसतं आणि पापण्यांच्या कडा लाल होतात. आम्ही वर्षानुवर्षं त्यांना गरम फडक्यानं शेका, थेंब घाला एवढंच सांगत आलो. लोक चार दिवस शेकत आणि सोडून देत.

मग थोरल्या डॉक्टरांची मुलगी शिकून आली. ती लहानपणी माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची, त्यामुळे अजूनही मला मावशी म्हणते. रुग्णांसमोर मी तिला 'अहो डॉक्टर' म्हणते आणि दार लावलं की 'अगं'. काही वर्षांपूर्वी तिनं उजेडाचं यंत्र आणलं. मी म्हटलं, 'अगं, ज्यांना उजेड सोसत नाही म्हणून ते आपल्याकडे येतात, त्यांनाच तू उजेड मारणार?' ती म्हणाली, 'मावशी, खुर्चीत बसा.'

पहिला प्रयोग माझ्यावर झाला. डोळ्यांवर धातूच्या वाट्या बसवल्या, गालाला गारेगार जेली फासली, आणि डोळ्याच्या खाली, कानशिलापासून नाकाकडे, एकेक ठोका देत ती गेली. प्रत्येक ठोक्याला रबरबँड ताणून सोडल्यासारखा चटका बसे. वाट्या असूनसुद्धा मिटल्या डोळ्यांत केशरी वीज चमकून जाई. हा लेझर नव्हे, फोटोग्राफरच्या फ्लॅशचा थोरला भाऊ म्हणा. उजेड डोळ्यात जातच नाही, गालाच्या कातडीवर पडतो. तिथल्या सुजलेल्या बारीक रक्तवाहिन्या त्यानं आवळतात, पापणीतलं थिजलेलं तेल सैल होतं आणि डोळ्याची आग उतरते. आणखी काय काय होतं ते विचारलं तर डॉक्टर म्हणाली, 'सगळं अजून कुणालाच नीट कळलेलं नाही.' मला हे उत्तर फार आवडलं. तेहेतीस वर्षांत डॉक्टरांच्या तोंडून ते मी दोन-चारदाच ऐकलं असेल.

हे सगळं सांगण्याचं कारण संतोष.

चिपळूणजवळच्या एका गावात त्याचं शिवणकामाचं दुकान. वय चाळिशीच्या आतलं. पहिल्यांदा आला तेव्हा काळा गॉगल, त्यावर कपाळ झाकणारी टोपी, त्यावर ओला रुमाल, आणि कोपराला धरून चालवत आणणारी त्याची मोठी बहीण लीला. तो तिला बाय म्हणायचा. लीलाबाय संगमेश्वराकडे दिलेली, नवरा वारलेला, भात आणि नाचणीवर घर चालवणारी. बोलायला खणखणीत. खोलीत शिरल्या शिरल्या तिनं मला सगळी कथा सांगितली.

संतोषला रक्ताचा आजार झाला होता. मुंबईत डॉक्टर म्हणाले, हाडांतला मगज बदलायला हवा, सख्ख्या भावंडाचा जुळला तर बघू. लीलाबायचा जुळला. तिनं दिला. आजार गेला.

'बाई, त्याचा रक्तगट पयला येगळा व्हता,' ती म्हणाली. 'आता माजा हाय तोच त्याचा झाला. मुंबयच्या डॉक्टरांनी कागदावर लिवून दिल्यान.'

तो कागद तिच्या पिशवीत होता. घडीवर फाटायला आलेला. बाहेर बसलेल्या सगळ्यांना तो दाखवून झाला होता. मला त्या कागदाचं जे वाटलं ते सरळ सांगते. मी तो हातात धरून कितीतरी वेळ उभी राहिले. एका माणसाच्या अंगातलं रक्त दुसऱ्याच्या हाडांत जाऊन रुजतं, तिथं आपलं बिऱ्हाड मांडतं आणि जन्मापासूनचा रक्तगट बदलून टाकतं. आयुष्यभर दवाखान्यात काढूनही मला हे नवीन होतं.

पण आजार गेल्यावर वर्षभरानं डोळे सुकायला लागले. मी त्याला यंत्रापाशी बसवलं. उजेड अगदी कमी ठेवला तरी त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळले गेले. रंगाचा थेंब सोडला, 'पापणी उघडा' म्हटलं आणि 'एक' म्हणेपर्यंत डोळा काळ्या ठिपक्यांनी भरून गेला. फणस म्हणायची वेळच आली नाही. बुबुळावर सुकलेल्या चिकट तारा लोंबत होत्या. मिटताना प्रत्येक वेळी पापणी त्या तारांना ओढत होती. माणूस मिनिटाला कितीदा डोळे मिटतो याचा विचार करा.

डॉक्टरनं त्याला स्पष्ट सांगितलं. असंच चाललं तर बुबुळावर जखम होईल, ती चिघळली तर नजर जाईल. ऐकून तो म्हणाला, 'सुईत दोरा ओवता येत नाय, ता सोडा. पण आंधळा होयाचं असंल तर आताच सांगा, म्हंजे दुकान इकून टाकीन.'

आता माझी चूक.

मला समजावून सांगायची हौस आहे. कठीण गोष्ट सोपी करून सांगितली की लोक मान डोलावतात, आणि ती मान डोलावलेली मला आवडते. डॉक्टर औषधं लिहीत होती तेवढ्यात लीलाबायनं विचारलं, 'पन डोळं सुकलं कशानं?' आणि मी सुरू झाले. म्हटलं, आंब्याच्या हंगामात बागेत राखणीला नवा माणूस आणतात ना? तो चोख असतो, रात्रंदिवस जागतो. पण घरची माणसं त्याच्या ओळखीची नसतात. मालकाची आत्या कैऱ्या वेचायला आली तरी तो तिच्यावर गोफण चालवतो. तसं हे. संतोषच्या अंगात राखणदार नवा आला. त्याला हे डोळे, डोळ्यात पाणी सोडणाऱ्या ह्या गाठी, हे तेल परकं वाटतं. चोर समजून तो त्यांनाच मारतो.

उदाहरण बिनचूक होतं. आजही त्यात मला खोट दिसत नाही. खोलीत मात्र कुणी मान डोलावली नाही.

लीलाबाय हळू म्हणाली, 'म्हंजे माज्या रगतानं त्याचं डोळं खाल्लं.'

संतोष लगेच म्हणाला, 'बाय, काय तरी बोलू नको.' मी घाईनं काहीतरी सारवासारव केली. तिनं हातातला तो कागद घडी करून पिशवीत तळाशी घातला. जाताना बाहेरच्या कुणाशी ती बोलली नाही.

डॉक्टरनं आधी मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. अशा रुग्णांची कातडी नाजूक असते, काही औषधांनी ती उजेडाला आणखी हळवी होते. तिकडून होकार आल्यावर कानाजवळ एका ठिकाणी एकच ठोका देऊन दोन दिवस थांबलो. आपल्या सावळ्या कातडीला उजेड बेतानं द्यावा लागतो, नाहीतर डाग पडतात. सगळं ठीक दिसल्यावर पहिली बैठक झाली. ठोके संपल्यावर डॉक्टरनं बारीक चिमट्यानं पापणीची कड दाबली. तेल यायला हवं होतं, आली ती पांढरी घट्ट शेवई. संतोषच्या डोळ्यांत पाणी असतं तर आलं असतं. निघताना तो म्हणाला, 'काय फरक नाय, पन पुढल्या येळेला येतो.'

पुढल्या वेळेला तो एकटा आला. चिपळूणहून एसटीनं, सगळा वेळ डोळे मिटून. स्टँडवर उतरून रुमाल डोळ्यावर धरून उभा राहिला आणि आवाज ऐकून रिक्षा केली.

'बाय कुठं आहे?' मी विचारलं.

'येत नाय म्हणते. माज्या घरी पन येत नाय. फोन केला तर म्हणते, मी लांब ऱ्हायलं तर तुला बरं पडंल.' मग म्हणाला, 'गावदेवीपुढं गाऱ्हाणं घातलंन तिनं. गुरवाला सांगितलंन, माजं रगत माज्या भावाला तरास देतंय, त्याला आवर घाल म्हणून सांग. सगळ्या गावासमोर, बाई. तिनं दिलंन म्हणून मी जिता हाय, आणि ती गावासमोर कान धरून उभी.'

देवळात गाऱ्हाणं घालतात ते आजार बरा व्हावा, सून नांदावी, मुंबईतल्या मुलाला नोकरी लागावी म्हणून. आपल्याच रक्ताची तक्रार देवीकडे केलेली मी पहिल्यांदा ऐकली.

तो गेल्यावर डॉक्टरनं दार लावलं. 'मावशी, खरं सांगायचं तर कुणासमोर सांगायचं तेही बघावं.'

मी फणकारले. 'मी खोटं काय बोलले?'

'खोटं नाही बोललात. अर्धं बोललात.'

दोन दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी लीलाबायला फोन केला. समजावून सांगायला गेले, यात तुमचा दोष नाही, तुम्ही तर त्याला जीव दिलात. पलीकडून एवढंच आलं, 'बाई, तुमीच सांगितलात ना राकणदाराचं. ता मला समजलं.' इतकं चांगलं समजावून दिलेलं आता काढून कसं घेणार? माझ्या आख्ख्या नोकरीत मला कधी स्वतःच्या जिभेची एवढी लाज वाटली नव्हती.

तिकडे उजेड आपलं काम करत होता. दुसऱ्या बैठकीनंतर चिमट्याखाली शेवईऐवजी दाट तूप आलं. घरी थेंब, शेक, उन्हात न जाणं, सगळं तो पाळत होता. टोपीचा काठ पुरेना म्हणून त्यानं पुठ्ठा घालून स्वतःच चांगला हातभर रुंद काठ शिवला होता, डोळे मिटून, बोटांनी चाचपत. टाके वाकडे आले म्हणून तो माझ्यापुढे ओशाळला. त्या दिवशी डोळ्यात रंग सोडला, आणि मी 'एक फणस' पुरता म्हणू शकले. डॉक्टरला हाक मारून मी तिला यंत्रातून बघायला लावलं. तिसऱ्या बैठकीला तीन झाले. पापणीच्या काठावर तेलाचे टाचणीच्या डोक्याएवढे स्वच्छ थेंब एका ओळीत उभे राहिले. ज्या उजेडानं डोळ्याला स्पर्शसुद्धा केला नव्हता त्यानं हे केलं होतं. सकाळी घरी दिवा लावताना माझे हात रोज आपोआप जोडले जातात. त्या दिवशी दवाखान्यात, भर दुपारी, त्या यंत्रापुढे ते जोडले गेले, आणि डॉक्टरनं ते पाहिलं याचंही मला काही वाटलं नाही.

संतोष मात्र खूश दिसेना. 'डोळं उघडतात आता,' तो म्हणाला. 'पन बघू कुनाला?'

चौथ्या बैठकीच्या आधी मी लीलाबायला पुन्हा फोन केला आणि समजावलं काहीच नाही. म्हटलं, 'मगज देणाऱ्याची सही लागते. तुम्ही आला नाहीत तर काम थांबेल.' अशी कुठलीही सही लागत नाही. रुग्णाच्या माणसाशी मी आयुष्यात बोललेलं हे पहिलं खोटं. त्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही.

ती आली. पहाटेची गाडी धरून, नवं पातळ नेसून, सही करायला. पण भावापासून चार हात लांब उभी राहिली, जणू तिच्या सावलीनंसुद्धा त्याला इजा होईल. तो म्हणाला, 'बाय, बस की.' ती बसली नाही.

उजेड देऊन झाला, पापण्या दाबून झाल्या, गाल पुसून झाला. मी संतोषला यंत्रापाशी बसवलं. शिकाऊ डॉक्टरांसाठी आमच्या यंत्राला एक जोडनळी आहे. मी बघते तेच दुसऱ्याला तिच्यातून दिसतं. मी लीलाबायला म्हटलं, 'या, इथं डोळा लावा.'

'मी नको.'

'सहीच्या आधी बघावं लागतं,' मी म्हटलं. एकदा खोटं बोलायला लागलं की पुढचं सोपं जातं.

तिनं डोळा लावला. मी खोलीत अंधार केला, रंग सोडला, निळा उजेड टाकला. भावाचा डोळा तिच्यासमोर हिरव्या तळ्यासारखा उघडला.

'काळा ठिपका दिसला की सांगा,' मी म्हटलं, 'आणि माझ्याबरोबर मोजा.'

एक फणस. दोन फणस. तिसऱ्यापासून तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. चार फणस. पाच फणस. सहाव्याला कोपऱ्यात एक ठिपका उमटला. 'ह्यो बगा,' ती म्हणाली.

'पहिल्यांदा आला तेव्हा एकसुद्धा पुरा झाला नव्हता,' मी म्हटलं. पाण्याच्या ज्या गाठी मेल्या त्या आता परत येणार नाहीत, थेंब त्याला जन्मभर घालावे लागतील, हेही मी सांगितलं. अर्धं बोलायची खोड मोडायची होती. मग तिच्याकडून संतोषला डोळा सावकाश मिटून परत उघडायला सांगितलं, निळा उजेड काढून मंद पांढरा लावला, यंत्राची ताकद वाढवली आणि बुबुळाच्या बाजूचा पांढरा भाग समोर आणला. तिथं केसाहून बारीक लाल रेघा असतात. नीट धीर धरून बघितलं तर त्यांच्यात रक्त सरकताना दिसतं. मी रोज बघते आणि रोज थोडी थबकते.

'ती लाल रेघ बघा,' मी म्हटलं. 'तिच्या आत काय हलतंय?'

ती बराच वेळ बघत राहिली.

'चालतंय काय तरी.'

'रक्त आहे ते.'

'कुनाचं?'

मी उत्तर दिलं नाही. एवढ्या वर्षांत कुणी विचारलं आणि मी समजावून सांगितलं नाही, अशी ही पहिलीच वेळ.

लीलाबायचा हात नळीवरून सुटला आणि चाचपत चाचपत भावाच्या खांद्यावर गेला. डोळा तिनं हलवला नाही. तिचंच रक्त तिथं सरकत होतं, त्या डोळ्याला जिवंत ठेवत, आणि ती ते स्वतः बघत होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं. भावाला जे येत नव्हतं ते तिला भरभरून येत होतं, आणि तिनं ते पुसलं नाही.

मी सवयीनं मनात मोजत होते. पाच फणस झाले, सहा झाले.

'बाय,' संतोष म्हणाला, 'मिटू काय आता?'

'थांब रे वाईच,' ती म्हणाली. 'बगू दे.'

आणि तो थांबला.